गादी आणि गोदाम

लखनौमधील अमीनाबाद हा बाजार अवधचा नवाब अमजद अली शाह याच्या कारकिर्दीत (1842 ते 1847) त्याचा वजीर इमदाद हुसेन खान ऊर्फ अमीनुद्दौला याने वसवला, आणि आजही चिकन या भरतकामाचे कपडे, पुस्तके, बांगड्या व कबाब यांसाठीच तो ओळखला जातो. संगणकाचे सुटे भाग घ्यायचे असतील तर मुंबईकर जसा लॅमिंग्टन रोड गाठतो तसा लखनौकर नाजा मार्केट गाठतो. तरीही रॅम वाढवली म्हणजे घरचा संगणक वेगवान होतो का, हा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल तर सुट्या भागांच्या दुकानापेक्षा अमीनाबादेतील चिकनचे एखादे जुन्या धाटणीचे दुकान अधिक उपयोगी पडते, कारण संगणकाच्या आत दिवसभर जे चालते त्याची मांडणी त्या दुकानाच्या मांडणीशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

अशा दुकानात पांढऱ्या चादरीची एक गादी अंथरलेली असते, तिच्यावर विक्रेता बसतो, त्याच्या पाठीशी हाताला लागतील अशी दोन-चार फडताळे असतात, आणि बाकीचा माल मागच्या गल्लीतल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या गोदामात गठ्ठे बांधून ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाने मुर्रीच्या टाक्याचे काम मागितले, मग जाळीचे मागितले, मग पुन्हा पहिलाच कुर्ता पाहायला मागितला, तर हे तिन्ही नग गादीवर पसरलेले असतील तोवर काम झटपट होते. गादी भरली की मात्र नवा नग उलगडण्यासाठी जुना घडी करून आत पाठवावा लागतो, आणि तोच पुन्हा मागितला गेला तर नोकराला परत गोदामात जावे लागते. संगणकात विक्रेत्याची जागा प्रोसेसर घेतो, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारी चिप. फडताळे म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच असलेली अगदी छोटी पण अतिवेगवान साठवण, जिला कॅश म्हणतात. गादी म्हणजे रॅम. आणि गोदाम म्हणजे हार्डडिस्क किंवा एसएसडी, ज्यावर फोटो, पत्रे, कार्यक्रम आणि खुद्द विंडोजही वीज गेल्यावर टिकून राहते. गादी दुप्पट केल्याने विक्रेत्याचे हात दुप्पट चपळ होत नाहीत. नोकराच्या फेऱ्या मात्र कमी होऊ शकतात, आणि होतीलच असेही नाही. हे ज्या बाबीवर अवलंबून असते तिचाच विचार या प्रकरणात करायचा आहे.

रॅमचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे. आज घरोघरी वापरली जाणारी रॅम ज्या कल्पनेवर चालते ती कल्पना आयबीएममधील अभियंता रॉबर्ट डेनार्ड याला 1966 साली सुचली: माहितीचा एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, ठेवण्यासाठी एकच ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरून ठेवणारा एकच सूक्ष्म कपॅसिटर पुरेसा आहे. या रचनेमुळे मेमरी स्वस्त आणि दाटीवाटीची झाली, पण हा कपॅसिटर गळक्या घागरीसारखा असल्याने त्यातला भार सतत पाझरत राहतो आणि म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. 8 जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे 6,870 कोटी घरे असतात, आणि वीज गेली की ती सगळी क्षणार्धात रिती होतात. स्मृती हा शब्द मराठीत टिकणाऱ्या गोष्टीसाठी वापरला जातो, त्यामुळे संगणकातल्या सर्वांत विसरभोळ्या भागाला तो लावला जावा ही भाषेची एक गंमतच म्हणायची.

गादी आणि गोदाम यांच्यामधले अंतर किती आहे हे आकड्यांत पाहिल्याशिवाय रॅमचे महत्त्व कळत नाही. प्रोसेसरने रॅममधून काही मागवले तर ते हाती यायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, आणि हा काळ मानवी दृष्टीने नगण्य असला तरी 3 गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरची तेवढ्यात सुमारे 300 स्पंदने होऊन जातात. म्हणूनच तर त्याला कॅशची फडताळे लागतात. साध्या एसएसडीला याच कामासाठी सुमारे 100 मायक्रोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमध्ये वाचणारे टोक योग्य वर्तुळावर नेण्यात आणि तबकडी फिरून हवी ती जागा टोकाखाली येण्यात मिळून 12 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. हे आकडे दुकानाच्या मापात बसवले, म्हणजे गादीवरचा कुर्ता उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर एसएसडीच्या गोदामातून तोच कुर्ता यायला सुमारे सतरा मिनिटे लागतात, आणि हार्डडिस्कच्या गोदामातून यायला तेहतीस तास. तेहतीस तास थांबणारे गिऱ्हाईक अमीनाबादेत काय, कुठेच मिळणार नाही. संगणकापुढे बसलेला माणूस मात्र थांबतो, कारण एका फेरीचा हा काळ त्याला जाणवत नाही, हजारो फेऱ्या साचल्यावरच तो जाणवतो.

रॅम कमी पडली तर काम बंदच पडायला हवे. पण तसे होत नाही, आणि त्यातच सगळी गफलत आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या आणि डिसेंबर 1962 मध्ये सुरू झालेल्या अॅटलस या संगणकात मुख्य मेमरी थोडी होती आणि तिच्या दिमतीला फिरते चुंबकीय पिंप होते. कार्यक्रम लिहिणाऱ्याला ही दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी आहे असे भासावे, आणि कोणता मजकूर केव्हा आत आणायचा व केव्हा बाहेर टाकायचा हे यंत्राने स्वतःच ठरवावे, अशी योजना त्यात केली गेली. हिलाच पुढे आभासी मेमरी म्हटले जाऊ लागले. आजचे विंडोजही हेच करते: मेमरीचे 4 किलोबाइटची एकेक अशी पाने पाडते, रॅम भरत आली की बराच वेळ न लागलेली पाने डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि गरज पडली की परत आणते. त्यामुळे 2 जीबी रॅमवर 3 जीबीचे काम बिनबोभाट चालते, फक्त त्याची किंमत वेळेच्या रूपात द्यावी लागते. मेमरी अपुरी असल्याचा निरोप संगणक देत नाही. तो संथ होतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की यंत्र म्हातारे झाले.

हा संथपणा हळूहळू वाढत गेला असता तर फारसे बिघडले नसते, परंतु एका टप्प्यावर वेग एकदम कोसळतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग याने 1968 साली याची मीमांसा केली. कोणताही कार्यक्रम आपल्या सगळ्या पानांना सारखा हात लावत नाही, थोड्या काळापुरता तो काही मोजक्याच पानांभोवती घोटाळत राहतो, आणि या मोजक्या पानांच्या संचाला डेनिंगने कार्यसंच म्हटले. चिकन पाहायला आलेले गिऱ्हाईकही शंभर नग उलगडायला लावत असले तरी घोटाळते चार-पाचांभोवतीच. चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांचे कार्यसंच रॅममध्ये एकत्र मावतात तोवर सारे सुरळीत चालते. ते मावेनासे झाले की एक पान आत आणण्यासाठी जे पान बाहेर टाकले जाते तेच पुढच्या क्षणी हवे असते, ते आणायला तिसरे बाहेर जाते, आणि मग यंत्राचा जवळजवळ सगळा वेळ पाने हलवण्यातच जातो. ईदच्या आदल्या संध्याकाळी दुकानात दहा गिऱ्हाइके एकदम बसली, नोकर जिन्यावरून खालीवर धावतो आहे, विक्रेता मात्र हात चोळत बसला आहे, असे हे दृश्य असते. त्या काळच्या मोठ्या यंत्रांत याहूनही विचित्र प्रकार घडे: प्रोसेसर रिकामा दिसतो आहे असे पाहून व्यवस्था आणखी कामे आत घेई, आणि गर्दी वाढल्याने प्रोसेसर अधिकच रिकामा बसे.

घरच्या संगणकाला रॅम वाढवल्याने जो चमत्कार झाल्यासारखा वाटतो तो नेमका कार्यसंच मावण्या-न मावण्याच्या या काठावर घडतो. याचे उत्तम उदाहरण उत्तर प्रदेशातच सापडते. अखिलेश यादव यांच्या सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना आखली, तिचे वाटप मार्च 2013 मध्ये लखनौत सुरू झाले आणि एचपी कंपनीचे सुमारे 15 लाख लॅपटॉप राज्यभर पोहोचले. पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश या पितापुत्रांची छबी आधीच बसवलेली असल्याने या लॅपटॉपची चर्चा मुख्यत्वे राजकारणाच्या अंगाने झाली, पण या प्रकरणाच्या दृष्टीने त्यांच्याविषयीची महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: त्यांत 2 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्डडिस्क होती, म्हणजे गोदाम ऐसपैस आणि गादी गुडघा टेकण्यापुरती. त्या काळी विद्यार्थ्याच्या कामाला ती पुरत असे, कारण शब्दसंस्करण, एखादे गाणे, एखादे संकेतस्थळ एवढाच त्याचा कार्यसंच होता. परंतु पुढील वर्षांत ब्राउझर फुगत गेले. 2008 साली आलेल्या क्रोमने एक पान कोसळले तर सगळे कोसळू नये म्हणून संकेतस्थळांच्या पानांना स्वतंत्र प्रक्रियांत चालवण्याची पद्धत रूढ केली होती, ही पद्धत सुरक्षित असली तरी मेमरीच्या बाबतीत उधळी होती, आणि विषाणूरोधक कार्यक्रम, आपोआप होणारी अद्यतने व चलचित्रे यांची तिच्यात भर पडली.

अशा 2 जीबीच्या यंत्रात आणखी 2 जीबीची पट्टी घातली तर फरक डोळ्यांना दिसतो, कारण काठाबाहेर सांडणारा कार्यसंच पुन्हा आत मावतो आणि हार्डडिस्कच्या तेहतीस तासांच्या फेऱ्या बहुतांशी थांबतात. या अनुभवावरूनच रॅम म्हणजे वेग हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले असावे. मग तोच माणूस 4 जीबीचे 8 जीबी करतो आणि फरक मोजूनमापूनच सापडतो. 8 जीबीचे 16 जीबी करतो आणि ज्याचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार व हिशेबाचे तक्ते यांपलीकडे जात नाही त्याला बहुधा काहीच सापडत नाही. वाढीव जागा अगदी वाया जाते असे नाही, कारण मोकळ्या रॅममध्ये विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली अलीकडे वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवतात आणि त्या पुन्हा मागितल्या तर गोदामापर्यंत जावे लागत नाही; पण हा लाभ उतरत्या भाजणीचा आहे. चार गिऱ्हाइकांच्या दुकानात वीस माणसांची गादी अंथरली तर बसायला ऐसपैस होते, एवढेच.

संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ रॅम वाढवून घटेल ही अपेक्षा तर मुळातच चुकीची आहे. बटण दाबले जाते तेव्हा रॅम कोरी असते, आणि सकाळी दुकान उघडताना गादी कितीही लांबरुंद असली तरी पहिला गठ्ठा गोदामातूनच आणावा लागतो. जुन्या यंत्रात हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की सुरू होण्याचा वेळ, कार्यक्रम उघडण्याचा वेळ आणि रॅम अपुरी असल्यास पाने हलवण्याचा वेळ हे तिन्ही एकदम घटतात, कारण तेहतीस तासांची फेरी सतरा मिनिटांवर येते. म्हणून 4 जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क असलेल्या घरगुती संगणकावर एकदाच खर्च करायचा असेल तर तो आधी एसएसडीवर करावा, रॅमची पट्टी नंतर घ्यावी. केवळ 2 जीबी असतील तर मात्र हा क्रम उलटतो, कारण एसएसडीच्या गोदामातूनही सतत धावपळ करायची वेळ आली तर सतरा मिनिटे ही शेवटी एका सेकंदाच्या हजारपटच असतात.

काही अडथळे तांत्रिक असतात आणि ते पट्टी विकत घेण्याआधीच तपासावे लागतात. 32 बिटच्या विंडोजला मेमरीची घरे मोजण्यासाठी 32 अंकी द्विमान पत्ता मिळतो, अशा पत्त्यांची संख्या 4,29,49,67,296 भरते, म्हणजे 4 जीबी, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स व इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखला जात असल्याने प्रत्यक्षात 3 ते साडेतीन जीबीच्या आसपासच वापरता येते. तिथे 8 जीबी घालणे म्हणजे दाराला कुलूप असलेल्या खोलीत गादी अंथरणे होय. विंडोज 7 ची स्टार्टर ही स्वस्त आवृत्ती तर 2 जीबीपलीकडे पाहतच नसे. डीडीआर 3 च्या खाचेत डीडीआर 4 ची पट्टी बसत नाही, आणि वेगवेगळ्या वेगांच्या दोन पट्ट्या एकत्र बसल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात.

एक बाब मात्र अशी आहे की जिच्यात रॅमची भर खरोखरच वेग देते, केवळ प्रतीक्षा टाळत नाही. बहुतेक घरगुती संगणकांत मेमरीकडे जाणाऱ्या दोन समांतर वाटा असतात, आणि एकच पट्टी बसवलेली असेल तर त्यांतली एक रिकामी पडून राहते. डीडीआर 4 च्या 2400 या दर्जाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त 19.2 जीबी माहिती वाहू शकते, तर दोन वाटांवर दोन पट्ट्या बसवल्यास ही कमाल मर्यादा 38.4 जीबी होते. पत्रे लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, पण ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते आणि चित्रे रंगवण्याचे कामही मुख्य रॅममधूनच चालते तिथे खेळ आणि चलचित्र संपादन यांत हा फरक चांगलाच जाणवतो. त्यामुळे 8 जीबीची एक पट्टी की 4 जीबीच्या दोन, या प्रश्नात दुकानदार दाखवतो त्याहून अधिक तथ्य आहे.

रॅमविषयीच्या लोकांच्या श्रद्धेचा व्यापारही झाला. 1995 साली, विंडोज 95 नुकतेच आले होते आणि मेमरी महाग होती तेव्हा, सिंक्रॉनिस या अमेरिकी कंपनीने सॉफ्टरॅम 95 नावाचा कार्यक्रम बाजारात आणला; हा कार्यक्रम आतल्या मजकुराची दाबून घडी घालतो आणि त्यामुळे मेमरी दुप्पट होते असा तिचा दावा होता, आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तपासणीत असे निघाले की तो मजकुराची घडीबिडी काही घालत नव्हता, फक्त पडद्यावर वाढलेला आकडा दाखवत होता, आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाला त्यात हात घालावा लागला. गमतीचा भाग असा की कल्पना खोटी नव्हती: वीस वर्षांनी, 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये न लागणारी पाने डिस्कवर टाकण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवण्याची सोय खरोखर करण्यात आली, कारण तोवर प्रोसेसर इतके चपळ झाले होते की घडी घालण्याचा वेळ गोदामाच्या फेरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडू लागला.

मेमरीची भूक कशी वाढत गेली याचा एक भारतीय मापदंड उपलब्ध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि 1960 साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक 40 बिटांच्या 2,048 शब्दांच्या मेमरीवर काम करी, म्हणजे आजच्या मापाने केवळ 10 किलोबाइट, आणि तेवढ्यात देशातील शास्त्रज्ञांची गणिते सुटत. 8 जीबीच्या घरगुती संगणकात ती मेमरी सुमारे 8 लाख 39 हजार वेळा मावेल. विंडोज 95 ला किमान 4 एमबी लागत, 2021 च्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागतात. सव्वीस वर्षांत ही वाढ 1,024 पट झाली, पण पत्र लिहिणाऱ्या माणसाचे पत्र काही हजारपट लांब झालेले नाही. रॅम स्वस्त होत गेली म्हणून कार्यक्रम लिहिणारे सैल झाले, आणि कार्यक्रम सैल झाले म्हणून रॅम घेणे भाग पडले, या चक्रात घरगुती ग्राहक नेहमी शेवटच्या टोकाला असतो.

तेव्हा किती रॅम पुरेशी, याचे उत्तर यंत्राकडे पाहून मिळत नाही, कामाकडे पाहून मिळते. दानिश महलसारख्या दुकानांनी अमीनाबादला उर्दू पुस्तकांचा बाजार म्हणून नाव मिळवून दिले. अशा दुकानांसाठी नस्तालीक लिपीत एखादा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, जुळवणाऱ्या माणसाला हजारो जोडाकृतींचा टंक लागतो खरा, पण तोही रॅमच्या आजच्या मापात किरकोळच ठरतो, आणि 4 जीबीच्या यंत्रावर त्याचे काम अडत नाही. त्याच गल्लीत लग्नाची चित्रफीत कापून जोडणाऱ्याला 16 जीबीही अपुरे वाटू शकतात. आणि ते 32 केले तरी तयार चित्रफीत अंतिम स्वरूपात बाहेर पडायला लागणारा वेळ प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डच ठरवतात. स्वतःचा कार्यसंच मोजण्यासाठी नेहमीची सगळी कामे एकाच वेळी उघडून विंडोजचा टास्क मॅनेजर पाहावा: रॅम नव्वद टक्क्यांपुढे आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली असेल तर गादी अपुरी आहे, रॅम निम्मी मोकळी आणि प्रोसेसर शंभरावर असेल तर पट्टी घेऊन काही मिळणार नाही, आणि तिन्ही निवांत असूनही संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष घराबाहेरच्या तारेत शोधावा लागेल.

2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांनी मेमरीच्या चिप प्रचंड प्रमाणात उचलायला सुरुवात केल्यामुळे घरगुती पट्ट्यांच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि ही मोजणी केल्याशिवाय पट्टी घेणे पूर्वीपेक्षा महागात पडू लागले. दुसरीकडे पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पटलावरच डाखलेली असते आणि खाच ठेवलेलीच नसते. उत्तर प्रदेशातील विद्यार्थ्यांना डिसेंबर 2021 पासून लॅपटॉपऐवजी टॅब्लेट व स्मार्टफोन वाटले जाऊ लागले, त्यांतही हीच स्थिती आहे, आणि गादी किती मोठी असावी हे त्यांच्या बाबतीत कारखान्यातच ठरून येते.